पाण्याची वाट: वऱ्हाडातल्या एका वाड्याचं आणि बगीच्याचं प्रकरण

आमचा वाडा अमरावती जिल्ह्यात, चांदूर बाजार तालुक्यातल्या एका लहान गावात आहे. आभाळ मोकळं असलं की उत्तरेला सातपुड्याची निळी रांग दिसते. वाडा पणजोबांनी बांधला. पुढचे पाच खण धाब्याचे, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर, मागचं स्वयंपाकघर आणि कोठा कवेलूचा, म्हणजे कौलांचा. मागे परस, परसाला लागून विहीर, आणि विहिरीखाली दोन एकर संत्र्याचा बगीचा. आजोबा गेले तसे आम्ही अमरावती, नागपूर, पुण्याला पांगलो. गावात राहिले धाकटे काका आणि काकू.

२०२१ च्या दिवाळीत सगळे जमलो, तेव्हा माजघराची दक्षिणेकडची भिंत पोटातून फुगली होती. बगीच्यात मूळच्या २६० झाडांपैकी ९४ उभी होती, त्यातली निम्मी शेंड्याकडून वाळत आलेली. विहीर तर मे महिन्यात कोरडी पडतच होती. काका एवढंच म्हणाले, "यंदाचा पावसाळा भिंतीनं काढला. पुढचा काढेल असं मला वाटत नाही."

गेल्या पंधरा वर्षांत आमच्या भागातले असे कितीतरी वाडे पाडले गेले. कारण प्रत्येक वेळी तेच: मातीचं आहे, किती दिवस टिकणार? मलाही ते पटलेलं होतं. पुढच्या तीन वर्षांत काय काय दिसलं, कुठे चुकलो आणि काय हाती लागलं, ते कुणाच्या तरी कामी येईल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

कागदाचं आधी सांगून टाकते. घर अजून आजोबांच्याच नावावर होतं आणि वारस नऊ. कुणाचा विरोध नव्हता, पण सह्या गोळा व्हायला चार महिने गेले. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, नाव चढल्याशिवाय आणि हक्कसोड नोंदल्याशिवाय भिंतीच्या बांधकामाला हात लावायचा नाही, असा काकूंचा आग्रह होता. तो योग्यच होता.

एक बादली पाणी

पहिलं मत मिळालं ते पाडा. दुसऱ्या कंत्राटदारानं आतून सिमेंटचे खांब-बीम उभारून द्यायची तयारी दाखवली, अंदाज बत्तीस लाखांचा. तिसरे आले शेजारच्या गावचे बेलदार मिस्त्री, सत्तरी उलटलेले, नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून. सुरुवातीचा अर्धा तास त्यांनी भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. काकूंकडून एक बादली पाणी मागून घेतलं, अंगणाच्या मधोमध काँक्रीटवर ओतलं आणि उकिडवे बसून पाहत राहिले.

पाणी मोरीकडे जायला हवं होतं. ते दोन हात पुढे गेलं, थबकलं, मग वळून माजघराच्या भिंतीशी जाऊन साचलं.

"ताई," मिस्त्रीकाका म्हणाले, "भितीले काई नाई झालं. पान्याले वाट नाई राह्यली."

पुढचं सगळं काम या एका वाक्यावर उभं आहे. अंगणात आधी काळ्या दगडाची फरशी होती, उतार मोरीकडे. १९९६ मध्ये आत्याच्या लग्नात मांडव टाकायचा म्हणून त्या फरशीवर चार इंच काँक्रीट ओतलं गेलं. मोरीचं तोंड अर्धं बुजलं आणि उतार फिरला. धाब्याच्या पाच पन्हाळींपैकी दोन गंजून पडल्या, त्या कुणी बदलल्या नाहीत. छपराचं पाणी भिंतीवरून ओघळू लागलं, अंगणाचं पाणी भिंतीच्या पायाशी मुरू लागलं. भिंतीला लोणा, म्हणजे क्षार, लागला. तो झाकायला २००८ च्या सुमारास खालच्या चार फुटांवर सिमेंटचा गिलावा चढवला. घरच्यांनी हौसेनं आणि पदरचे पैसे घालून केलेली कामं होती ही. म्हणूनच ती चूक आहे हे कबूल करायला आम्हाला वेळ लागला.

मातीची भिंत पायातली ओल शोषते आणि उन्हावाऱ्यानं बाहेर सोडते. हे तिचं रोजचं काम. सिमेंट त्या ओलीचा बाहेरचा रस्ता अडवतं. मग ओल भिंतीतच वर चढते, सोबत जमिनीतले क्षार नेते, आणि जिथे सुकायला जागा मिळेल तिथे ते क्षार फुलून भिंतीचा पापुद्रा फोडतात. गिलाव्याच्या आत काय चाललं आहे हे बाहेरून कळत नाही. आमच्याकडे नोव्हेंबरात छिन्नी लावली तर चार फूट लांबीचा गिलावा एका सपाट तुकड्यात सुटून हातात आला. मागची माती इतकी ओली की बोटं दुसऱ्या पेरापर्यंत आत गेली. त्यातला गव्हांडा, म्हणजे गव्हाचा भुसा, काळा, कुजका. आणि तिथून दोन फूट वर, जिथे सिमेंट पोचलं नव्हतं, तिथली भिंत खडखडीत कोरडी. तिथून निघालेल्या ढेकळातला गव्हांडा अजून पिवळा होता. पणजोबांच्या काळचा! तो तुकडा काकांनी देवघराच्या कोनाड्यात ठेवला आहे.

ओलीखेरीज भिंतींना भेगाही होत्या. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर फाटते, आणि पाया तिच्यासोबत हलतो. सगळ्या भेगा सारख्या नसतात. काही ऋतूप्रमाणे उघडतात-मिटतात, काही फक्त वाढत जातात. हे ओळखायला मिस्त्रीकाकांनी सात भेगांवर काचेच्या पातळ पट्ट्या आडव्या चिकटवल्या, दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा आणि शेजारी तारीख. भिंत हलली की काच तडकते. वर्षभरात तीन तडकल्या, चार शाबूत राहिल्या. त्या चार भेगा जुन्या, निजलेल्या होत्या. तिथे नुसतं बुजवणं पुरलं.

भिंत सुकू देणं

२०२२ च्या जानेवारीत अंगणातलं काँक्रीट फोडलं. खालची फरशी बरीचशी धड निघाली. दहा फुटांना दोन इंच असा उतार धरून ती पुन्हा बसवली. मोरीचा दगडी नळ परसात उतरतो, तो मुळ्यांनी आणि मातीनं गच्च भरला होता, तो मोकळा केला. पन्हाळी नव्या लावल्या, भिंतीपासून दीड हात पुढे येतील अशा. फुगलेल्या भागाला सागाचे टेकू दिले. आणि मग थांबलो.

सगळ्यात अवघड निर्णय हाच होता. घरातल्या प्रत्येकाला वाटत होतं की आता भिंत बांधूनच टाकू. मिस्त्रीकाका म्हणाले, "ओल्या भितीवर केलेलं काम पान्यात जाते. उन्हाळा जाऊ द्या, पाऊस जाऊ द्या." त्या वर्षी जुलैत विदर्भात जोराचा पाऊस झाला. भिंत उघडी, वर ताडपत्री, काका रात्री बॅटरी घेऊन उठून पाहायचे. अंगणातलं पाणी मोरीतून गडगडत गेलं. भिंतीशी थेंब साचला नाही.

दिवाळीनंतर फुगलेला नऊ फुटांचा भाग उतरवून कच्च्या विटांत पुन्हा रचला. माती विकत आणली नाही. आपल्याकडे शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात. ही पांढरी माती घरासाठी चांगली, कारण ती काळीसारखी फुगत नाही. आमच्या भिंतीचीच निघालेली माती होती, नंतरच्या कामाला आणखी लागली ती पुढे सांगते त्या ठिकाणाहून मिळाली. मातीत गव्हांडा घालून आठ दिवस भिजत ठेवायचा, रोज पायानं तुडवायचा. गारा तयार झाला की त्याचा आंबूस वास येतो आणि तो हाताला चिकटायचा थांबतो. तोवर विटेच्या साच्यात घालायचा नाही. शेजारच्या घरची दोन शाळकरी मुलं हौसेनं गारा तुडवायला यायची. त्यांनी हे काम याआधी पाहिलेलं नव्हतं, आणि मीही लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

बाहेरून खालच्या तीन फुटांना चुन्याचा गिलावा केला. कळीचा चुना महिनाभर हौदात पाण्याखाली ठेवला, मग एक भाग चुना, तीन भाग वाळू, थोडी सुरखी, म्हणजे विटेची पूड. चुना पाऊस झेलतो आणि ओलही बाहेर सोडतो. त्याच्या वर मातीचाच गिलावा, आतून पोतारा, म्हणजे पातळ मातीचा हात. माजघराची जमीन सारवणाचीच ठेवली. टाइल्स लावाव्यात असं चुलतभावाचं म्हणणं होतं, पण तिथेही ओलीचा रस्ता अडला असता.

धाब्यावरची पन्नास टन माती

धाबं म्हणजे सागाच्या तुळयांवर किलच, म्हणजे लाकडी पट्ट्या, किलचावर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या काड्या, आणि पाला, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. पूर्वी दर उन्हाळ्यात त्यावर नवी माती टाकून ठोकत. जुनी काढून टाकायची हे मात्र राहून गेलं. आम्ही खणून पाहिलं तर थर एकोणीस इंचांचा भरला. नऊ इंच पुरेसे होते. तेराशे चौरस फुटांवर दहा इंच जादा माती, म्हणजे घनफळ तीस घनमीटर आणि वजन पन्नास टनांच्या आसपास. इतका भार त्या तुळया किती वर्षं झेलत होत्या कोण जाणे. ती माती ट्रॉलीनं वावरात नेऊन टाकायची नव्हती. परसात ढीग लावून तिच्याच विटा पाडल्या आणि गिलाव्यालाही तीच वापरली.

काम होळीनंतर, २०२३ च्या मार्चमध्ये सुरू केलं. ही माझी चूक. पिकांच्या कामातून माणसं मोकळी होतील म्हणून मीच तारीख पुढे ढकलली होती. वऱ्हाडात मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी येतो हे लहान मुलालाही माहीत असतं. एप्रिलात एका संध्याकाळी वादळासकट आला. तीन खण उघडे होते, ताडपत्री उडाली आणि देवघराची आतली भिंत वरून दीड हात विरघळली. ती पुन्हा रचावी लागली, दोन पिढ्यांच्या हातच्या पोताऱ्याचे थर तिच्याबरोबर गेले. धाबं उघडायचं असेल तर पौषात उघडा, संक्रांतीच्या आसपास.

तुळया पाहिल्या तर मधला भाग आजही लोखंडासारखा. मेळघाटचा जुना साग. सडली होती ती फक्त भिंतीत शिरलेली टोकं, तीही तीनच तुळयांची, पन्हाळी पडलेल्या बाजूची. अख्खी तुळई बदलायची गरज नव्हती. परतवाड्याहून पाडलेल्या घराचं जुनं सागवान आणलं, खाली जॅक लावून तुळई कणाकणानं उचलली, सडका तीन फूट भाग कापून तिरपा सांधा करून नवं टोक बसवलं. उधई, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून टोकांना बिब्ब्याचं तेल लावलं. ते लावताना एका मजुरानं हातमोजे काढले आणि त्याचा हात कोपरापर्यंत उतला. आठवडाभर तो घरी बसला, त्याची मजुरी आम्ही दिली. पूर्वीचे लोक हे तेल वापरत हे खरं, पण आजच्या माणसाला त्याची सवय राहिलेली नाही, हे आधी समजावून सांगायला हवं होतं.

कवेलूच्या भागात तडजोड केली. गावात कवेलू घडवणारा कुणी उरला नाही, आणि माकडांच्या टोळ्या दर आठवड्याला शेकडा फोडतात. आमच्या भागात लोकांनी टिना घातल्या त्यामागे हौस नसून माकडं आहेत. आम्ही खाली टिनपत्रा आणि वर पाडलेल्या घरांमधून गोळा केलेले कवेलू अशी रचना केली. कवेलू फुटलं तरी स्वयंपाकघर गळत नाही, आणि उन्हाळ्यात पत्रा तापून आग ओकत नाही. जुन्या पद्धतीला धरून नाही, पण काकूंना रोज तिथे भाकरी थापायची आहे.

बगीचा

वाड्याचं पाणी कुठे जात होतं हे कळल्यावर बगीच्याचंही कोडं सुटलं. मोरी बुजल्यापासून अंगणाचं जादा पाणी घराला वळसा घालून बगीच्याच्या वरच्या चार ओळींत साचत होतं. सगळ्यात आधी मेली ती याच चार ओळींतली झाडं. आम्ही इतकी वर्षं विहीर आटली म्हणून झाडं मेली असं समजत होतो. वरची झाडं पाण्यात उभी राहून मेली आणि खालची पाण्यावाचून वाळली.

संत्र्याच्या बुंध्याशी पाणी साचून राहिलं की जमिनीतली फायटोफ्थोरा ही बुरशी साल आणि मुळं कुजवते. बुंध्यातून डिंक गळतो, म्हणून आपण त्याला डिंक्या म्हणतो. त्यात आमच्याकडे पाटानं पाणी देताना दरवर्षी थोडी माती बुंध्याशी चढत गेली, आणि कलमाचा जोड, जो हवेत असायला हवा, तो गाडला गेला. १९८८ ची ही लागवड. संत्र्याचं चांगलं उत्पन्न वीस-पंचवीस वर्षांचं, त्यामुळे सगळीच झाडं काढा असा सल्ला मिळाला होता. आम्ही प्रत्येक झाडाचा बुंधा उघडला. घेराच्या निम्म्याहून जास्त साल कुजलेली ४१ झाडं काढली, ५३ ठेवली. काकांनी प्रत्येक झाडाला हात लावून ठरवलं. त्यात सगळं शास्त्र होतं असं नाही, काही झाडं आजोबांच्या हातची म्हणूनही राहिली.

राहिलेल्या झाडांना बोर्डो मलम लावलं. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत, आणि मग एकत्र करून ढवळायचं. लोखंडी भांडं चालत नाही. तयार मलमात विळ्याचं पातं मिनिटभर बुडवून पाहायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, आणखी चुना घालायचा. पातं स्वच्छ निघालं की मलम लावायला योग्य. कुजलेली साल धारदार चाकूनं खरवडून, बुंध्याला तीन फूट उंचीपर्यंत, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. हे काम काकूंनी आपल्याकडे घेतलं. पात्याची परीक्षा त्या अजून दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत.

पाणी देण्याची पद्धतही बदलली. झाडाभोवती दुहेरी आळं: आतलं आळं कोरडं, पाणी बाहेरच्या आळ्यात, जिथे पाणी पिणारी मुळं असतात. दोन ओळींआड उताराच्या दिशेनं चर काढले. पुन्हा लागवडीसाठी नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतून रोगमुक्त कलमं आणली आणि जोड जमिनीपासून वीतभर वर राहील अशी लावली. वरच्या चार ओळींत पुन्हा संत्रा लावला नाही. तिथे पेरू, जांभूळ आणि केळी आहेत.

एक चूक इथेही झाली. वाळलेल्या फांद्या, म्हणजे सल, काढताना सहा झाडं आम्ही एप्रिलात फारच मोकळी केली. वरची सावली गेली आणि मेच्या उन्हात फांद्यांची साल भाजून तडकली. सहापैकी तीन झाडं गेली. सल फळं उतरल्यावर हिवाळ्यात काढायची असते, हे काका सांगत होते. माणसं हाताशी आहेत तर उरकून घेऊ, असं मी म्हटलं होतं.

दोन वर्षं झाडांना बहाराचा ताण दिला नाही, म्हणजे फुलं यावीत म्हणून पाणी तोडलं नाही. काकांना ते फार जड गेलं, कारण घरखर्च बगीच्यावर चालतो. तो खड्डा आम्ही भावंडांनी मिळून भरला. काम ठरवतानाच हे ठरवलं नसतं तर झाडं वाचवण्याच्या गोष्टी नुसत्या बोलण्याच्या राहिल्या असत्या. २०२३ च्या डिसेंबरात पहिल्यांदा ताण दिला, जानेवारीत पाणी, आणि आंबिया, म्हणजे हिवाळ्याअखेरचा, बहार धरला. नोव्हेंबरात फळ उतरलं तेव्हा चांगल्या झाडाला तीनशे-चारशे संत्री होती. जोमातल्या बगीच्याच्या मानानं हे कमीच. पण फळ गोड, आणि नवी पालवी गर्द हिरवी.

विहिरीसाठी वेगळा खर्च फारसा झाला नाही. धाबं आणि कवेलू मिळून छपराचं क्षेत्र चोवीसशे चौरस फूट. आमच्याकडे सरासरी साडेआठशे मिलिमीटर पाऊस धरला आणि काही वाया जाईल असं मानलं, तरी वर्षाला दीड लाख लिटर पाणी एकट्या छपरावरून मिळतं. मागच्या दोन पन्हाळींचं पाणी सहा फूट खड्ड्यात सोडलं, तळाला मोठे दगड, वर गिट्टी, वर वाळू, आणि तिथून नळानं विहिरीत. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर काढायचं. २०२४ च्या मेअखेर विहिरीत चार फूट पाणी होतं. ते सगळं आमच्या खड्ड्याचं असं मी म्हणणार नाही. आधीचे पावसाळे कसे गेले, शेजाऱ्यांनी किती उपसा केला, यावरही ते ठरतं.

परसाचा नकाशा काकूंच्या पायात होता. त्या चालत गेल्या आणि मी मागून खुंट्या ठोकल्या. "इथं मोगरा. इथं सासूबाईंचा पारिजातक, सडा वेचायला बायका यायच्या. इथं गोडनिंब." मोरी जिथे उघडते तिथे कर्दळ, आळू आणि केळ, कारण त्यांना पाणी सोसतं आणि ती ते गाळतातही. कपड्यांच्या साबणाचं पाणी मात्र वेगळं काढलं. उंचावरच्या वाफ्यात सांबार म्हणजे कोथिंबीर, भेदरं म्हणजे टोमॅटो, आणि अंबाडी. तुळशीवृंदावन जागचं हललं नाही.

सगळ्याचा खर्च चौदा लाखांवर गेला. त्यातला मोठा हिस्सा मजुरीचा, आणि ती बहुतेक गावातच राहिली. वेळ लागला तीन वर्षं. गेल्या मेमध्ये दुपारी तीन वाजता ओसरीबाहेर ४४ अंश होते आणि माजघरात पंख्याशिवाय ३३. काका तिथे सारवणावर चटई टाकून झोपले होते.

पूर्वेकडची भिंत अजून बाकी आहे. तिच्या पायाशी उंबर उगवला आहे आणि तो काढायचा की नाही यावर घरात एकमत नाही. तिथली पाच नंबरची काच मिस्त्रीकाकांनी या जानेवारीत नवी लावली होती, ती मार्चमध्ये पुन्हा तडकली. त्यांनी तारीख लिहून शेजारी दुसरी लावली आहे. तिच्यावरून एक पावसाळा जाऊ द्यायचा आहे.